यादीतला अकरावा

पुण्यात कुणाकडे जेवायला गेलं की हात धुऊन होतात न होतात तोच मला आग्रह सुरू होतो. "सांग ना तुझ्या फ्रेंच साहेबांचे किस्से." मग मी सुरू होते. दोह्यात नऊ वर्षं एका फ्रेंच बांधकाम कंपनीत काढली, तीही वर्ल्ड कपच्या आधीच्या धामधुमीतली, त्यामुळे किस्स्यांना तोटा नाही. वाळूच्या वादळातही गळ्यातला टाय सैल न करणारे एक साहेब आहेत, जेवणाच्या टेबलावर कंत्राटाऐवजी चीजबद्दल पाऊण तास बोलून यजमानांना झोपवणारे एक आहेत. लोक पोट धरून हसतात, आणि मलाही लोकांना हसवायला आवडतं.

फक्त एक किस्सा मी अर्धाच सांगते. आमच्या कंपनीचे मोठे साहेब साइटवर आले, त्यांनी मजुरांशी हात मिळवले, एकाने त्यांच्याकडे पाण्याचा कूलर मागितला आणि तो दोन दिवसांत आला, इथपर्यंत. लोक म्हणतात, "बघा, याला म्हणतात उद्योजक!" मी मान हलवते आणि बडीशेप तोंडात टाकते.

उरलेला अर्धा इथे लिहिते आहे. तोंडाने तो सांगवत नाही. त्यात हसण्यासारखं काही नाही आणि मी त्यात बरी दिसत नाही.

फ्रेंच मी फार आवडीने शिकले असं नाही. आमच्या वेळी पुण्यात बी.कॉम.च्या जोडीला एखादी परकी भाषा करून ठेवायची टूम होती, आणि जर्मनच्या वर्गात जागा उरली नव्हती. पुढे लग्न झालं. नवरा गॅस कंपनीत इन्स्ट्रुमेंटेशन इंजिनिअर, म्हणून दोह्याला आले. फरीज बिन ओमरानमध्ये तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, खाली एका मल्याळी माणसाचं किराणा दुकान, शेजारी इस्त्रीवाला. मुलगा शाळेत जायला लागला तशी मी ही नोकरी धरली. कंपनीच्या कतारमधल्या डायरेक्टरची असिस्टंट. डायरेक्टर फ्रेंच, इंजिनिअर निम्मे फ्रेंच निम्मे लेबनीज, मजूर भारत-नेपाळ-बांगलादेशचे, आणि या सगळ्यांच्या मधोमध मी, फ्रेंचचं हिंदी आणि हिंदीचं फ्रेंच करत बसलेली.

त्या वर्षांत फ्रान्समधून कंपन्यांचे मालक आणि चेअरमन दोह्यात अशा खेपा घालायचे, जशा लग्नसराईत आचारी घालतात. स्टेडियम, मेट्रो, रस्ते, हॉटेलं, सगळंच उभं करायचं होतं आणि प्रत्येकाला त्यातलं काहीतरी हवं होतं. कुणी आमच्या डायरेक्टरला भेटणार असलं की त्या माणसावर दोन पानांचं टिपण मी करायचे. शिक्षण काय, कंपनी कुणी काढली, दारू घेतात का, नातवंडं किती. त्यामुळे फ्रान्सच्या उद्योगपतींची मला जेवढी माहिती होती तेवढी माझ्या चुलत सासऱ्यांचीही नव्हती.

त्यातले बरेचसे एका साच्यातून काढल्यासारखे. सरकारी इंजिनिअरिंगच्या नामांकित शाळेत पहिल्या दहांत आलेले, मग काही वर्षं मंत्र्याच्या कचेरीत, आणि तिथून थेट एखाद्या अवाढव्य कंपनीच्या खुर्चीत. बोलताना ते समोरच्याकडे बघायचेच नाहीत. काही घराण्याचे होते. आजोबांनी काढलेली कंपनी नातवाकडे आलेली, आणि आजोबांचा विषय निघाला की नातू जरा ओशाळायचा. एक बाई होत्या, नवऱ्याशी फारकत झाल्यावर घराच्या गॅरेजात पाण्याची यंत्रं जोडायला बसल्या आणि पुढे त्यातून मोठा कारखाना झाला. त्या बोलायला लागल्या की मीटिंगमधले पुरुष हातातली पेनं खाली ठेवायचे. त्यांच्याकडे बघून मला उगाचच आपली पाठ ताठ करावीशी वाटायची.

आमचे मोठे साहेब यांपैकी कुठल्याच साच्यातले नव्हते. गवंड्याचा मुलगा. बापाबरोबर विटा वाहिलेल्या, शिक्षण अर्धवट, एका जुन्या ट्रकवर धंदा सुरू केला आणि सत्तरीच्या घरात पोचेपर्यंत तीन खंडांत इमारती बांधल्या. फ्रेंच मासिकांत त्यांचे फोटो यायचे. त्यांच्याबद्दल कंपनीत एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. साइटवर गेले की दिसेल त्या माणसाशी हात मिळवायचे, हात सिमेंटने भरलेला असला तरी, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारायचे: "इथं काय कमी आहे?" उत्तर खिशातल्या वहीत लिहून घ्यायचे.

आता फ्रेंच माणसाची एक खोड सांगायला हवी, नाहीतर माझी चूक नीट कळणार नाही. तो वाद घालतो. माझ्या पहिल्याच आठवड्यात एका तरुण इंजिनिअरने डायरेक्टरच्या तोंडावर सांगितलं की तुमचं वेळापत्रक मूर्खपणाचं आहे. आवाज एवढे चढले की मी घाबरून बाहेर जाऊन उभी राहिले. मला वाटलं, गेला बिचारा, उद्याच्या विमानात. दहा मिनिटांनी दोघं कॉफी पीत उभे होते आणि इंजिनिअरचं वेळापत्रक मान्य झालं होतं. डायरेक्टर मला म्हणाले, "मॅडम, ज्याची तक्रार नाही त्याचं कामात लक्ष नाही." हे मी रोज बघत होते. सहा वर्षं बघत होते. तरी ते माझ्या अंगात शिरलं नाही.

माझ्या अंगात नाशिकचं आमचं घर होतं. पाहुणे यायचे म्हटले की आई फाटकी चादर खाली आणि धडकी वर घालायची. बाबांची नोकरी गेली होती त्या वर्षी काका-काकू आले, तर आम्हा भावंडांना एका रांगेत उभं करून बजावलं होतं: "पाहुण्यांसमोर घरातलं एक अक्षर काढायचं नाही." आम्ही काढलं नाही. काका जाताना म्हणाले, "छान चाललंय तुमचं." आई किती खूश झाली होती. काका चांगल्या हुद्द्यावर होते, त्यांना कळलं असतं तर त्यांनी बाबांना कुठेतरी चिकटवलं असतं, हे मला फार पुढे सुचलं.

माझी ओळख झाली ते सुतारदादा परभणीकडचे. आमच्या साइटवर सेंटरिंगच्या कामात होते, काँक्रीट ओतायच्या आधी लाकडी साचे ठोकायचे ते काम. एकदा मी पोर्टा केबिनबाहेर आईशी फोनवर बोलत होते, "अगं, कुकरची रिंग बदल आधी," आणि मागून आवाज आला, "ताई, तुम्ही आपल्याकडच्या व्हय?" पन्नाशीला टेकलेला माणूस, हेल्मेटखाली पांढरा रुमाल. मराठी कानावर पडलं म्हणून एवढा हसला की मलाच लाजल्यासारखं झालं.

त्यानंतर साइटवर गेले की आमचं दोन मिनिटं बोलणं व्हायचं. मी त्यांना दादा म्हणायचे. एकदा मी सहज म्हटलं, दोह्यात धड पोळपाट मिळत नाही, सगळे डुगडुगतात. पुढच्या खेपेला त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेला पोळपाट हातात ठेवला. साच्यातून उरलेल्या लाकडाचा, तीन पायांचा, पॉलिश पेपरने घासून आरशासारखा केलेला. "डुगडुगला तर परत आना." नाही डुगडुगला. मी अजून त्याच्यावरच पोळ्या लाटते.

त्यांना एकच मुलगी. तिचं लग्न ठरलं तेव्हा त्यांनी मला पत्रिकेचा फोटो दाखवला, मुलीचा दाखवला, जावयाचा दाखवला, जावयाच्या मोटरसायकलचाही दाखवला. "ताई, मपल्या पोरीचं लगीन हाय. बायको गेली तिला सात वर्सं झाली. म्या नसलो तर कन्यादान कुनी करायचं?" रजेचा अर्ज त्यांनी तीन महिने आधी टाकला होता. तो नामंजूर होऊन आला. हँडओव्हरची तारीख जवळ आली होती आणि तोपर्यंत सेंटरिंगच्या गँगमधल्या एकालाही सोडायचं नाही असं ठरलं होतं. त्या काळी कंपनीने कागद दिल्याशिवाय देश सोडता यायचा नाही, म्हणजे उठून निघून जायचीही सोय नव्हती. त्यांनी फोरमनला विचारलं, मजुरांच्या वस्तीवरच्या कॅम्प बॉसला विचारलं, दोघांनी हात वर केले.

नेमकं तेव्हा मोठ्या साहेबांचं येणं ठरलं.

मोठे साहेब सत्तरीचे, उन्हाळा तोंडावर आलेला, सगळ्या साइटवर फिरणं शक्य नव्हतं. म्हणून डायरेक्टरनी ठरवलं की निवडक अकरा माणसांना मेसच्या शेडमध्ये भेटवायचं. वर्ल्ड कपचे दिवस, त्यामुळे सगळे त्याला 'टीम' म्हणायला लागले. यादी करायचं काम माझं. प्रत्येकावर चार ओळींचं कार्ड, नाव, गाव, काम, घरी कोण, म्हणजे मोठे साहेब नावाने हाक मारून बोलतील. दुभाषीही मीच.

सुतारदादांना हे कळायला वेळ लागला नाही. केबिनच्या पायरीशी येऊन उभे राहिले. "ताई, त्या यादीत मपलं नाव घाला. म्या भांडनार न्हाई, रडनार बी न्हाई. एकच वाक्य बोलतो. साहेब, पोरीचं लगीन हाय, पंधरा दिवस सोडा. तुम्ही फकस्त त्यांच्या भाषेत सांगा."

मी म्हटलं, "घातलं समजा." आणि खरोखर घातलं. अकराव्या नंबरवर. त्यांचं कार्ड मी सगळ्यांत मन लावून लिहिलं. 'एकुलती एक मुलगी, पुढच्या महिन्यात लग्न' हे वाक्य फ्रेंचमध्ये किती छान दिसतं ते दोनदा वाचून पाहिलं.

त्याच आठवड्यात माझ्या नवऱ्याची नोकरी गेली. तेलाचे भाव पडले होते, गॅस कंपनीने माणसं कमी केली. त्याचा व्हिसा रद्द होणार, मग घरातल्या सगळ्यांचा दोह्यातला मुक्काम माझ्या नोकरीवर येऊन ठेपला. अल गराफाच्या शाळेत मुलाची परीक्षा तोंडावर. आम्ही जेवताना गप्प बसलो की तो विचारायचा, "व्हॉट्स राँग?" आणि मी म्हणायचे, "काही नाही, वरण घे." पाहुण्यांसमोर नाही आणि पोरासमोरही नाही.

भेटीच्या आदल्या दुपारी यादी पक्की करायची होती. कॅम्प बॉस केबिनमध्ये डोकावला आणि जाता जाता म्हणाला, "मॅडम, बस, कोई प्रॉब्लमवाला नहीं होना चाहिए. यल्ला, कल मिलते हैं." त्याला सुतारदादांचं नाव ठाऊक नव्हतं. डायरेक्टरनी यादीवर नजरही टाकली नव्हती. त्यांचं नाव काढ असं कुणी मला सांगितलं नव्हतं, कुणी धमकावलं नव्हतं. हे मी पुन्हा लिहिते, कारण पुढे कितीतरी वर्षं मी स्वतःलाच उलटं सांगत आले.

मी एकटी बसले होते आणि माझ्या डोळ्यांसमोर चित्र आलं. मोठे साहेब हसत हात पुढे करतायत, सुतारदादा पत्रिका काढतायत, डायरेक्टरचा चेहरा पडतोय आणि सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळतायत: ही यादी कुणी केली? चार सेकंदांचं चित्र. मी अकरावं कार्ड काढलं, फाडलं, आणि त्या जागी सळ्या बांधणाऱ्या एका नेपाळी स्टील फिक्सरचं नाव टाकलं. तो नेहमी हसायचा. निवडीची पात्रता एवढीच.

दुसऱ्या दिवशी मी मेसच्या शेडजवळ गाडीतून उतरले तर सुतारदादा समोर. धुतलेला, इस्त्री केलेला पांढरा सदरा, दाढी गुळगुळीत, खिशात घडी घातलेली खरी पत्रिका. गावाकडून कुणाच्या तरी हातून मागवून घेतली होती. बॅरिकेडवरचा माणूस त्यांना आत सोडत नव्हता. "ताई, हा म्हनतो नाव न्हाई."

मी म्हटलं, "दादा, शेवटच्या क्षणी वरून बदललं हो."

'वरून.' एवढं सोपं गेलं ते मला. त्यांनी वर बघावं तसं माझ्या डोक्यावरून कुठेतरी बघितलं आणि म्हणाले, "जाऊ द्या. तुम्ही तरी काय करनार. तुम्ही घातलं व्हतं ना, बास." वर मलाच धीर दिला. मग बॅरिकेडच्या कडेला, सावलीत, हात मागे बांधून उभे राहिले.

मोठे साहेब आले. बुटका, रुंद पंजाचा माणूस, सुटाखाली साइटवरचे बूट. रांगेतल्या प्रत्येकाशी हात मिळवला, नाव घेतलं, गाव विचारलं, घरचं विचारलं. आणि मग, "इथं काय कमी आहे?" मी हिंदीत विचारायचे. पहिला म्हणाला, "सब अच्छा है सर." दुसरा म्हणाला, "सब अच्छा है." सातव्या माणसापर्यंत हेच. साहेबांनी वही उघडी धरली होती आणि पान कोरं होतं. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं होतं ते खूश होतील. ते वैतागले होते.

आठवा एक बिहारी प्लंबर. तो जरा घुटमळला आणि म्हणाला, "सर, तीसरे माले पे पानी नहीं है. कूलर नीचे है. चढ़ने-उतरने में फोरमन गाली देता है." मी फ्रेंच केलं, शिव्यांचा भाग जरा मऊ करून. साहेबांचा चेहरा असा उजळला की मी बघतच राहिले. त्यांनी त्या प्लंबरचा हात दुसऱ्यांदा धरला, दोन्ही हातांनी, वहीत लिहिलं, आणि डायरेक्टरकडे वळून म्हणाले, "हा माणूस इंजिनिअर का नाही?" डायरेक्टर हसले. कॅम्प बॉसही हसला. कुणाचंही आभाळ कोसळलं नाही.

माझ्या पाठीमागे तीस पावलांवर सुतारदादा उभे होते. मी वळून हात केला असता तर ते पळत आले असते. तीन माणसं अजून बाकी होती, तेवढा वेळही होता. मी वळले नाही. वळले असते तर त्यांचं नाव कुणी काढलं हे दादांसमोर आणि सगळ्यांसमोर आलं असतं. आदल्या दिवशीची भीती नोकरीची होती. आताची भीती फक्त पकडलं जाण्याची होती, आणि ती जास्त जड निघाली.

अकरावा, माझा हसरा नेपाळी, छान हसला आणि म्हणाला, "ऑल गुड सर."

परत जाताना मोठे साहेब म्हणाले, मॅडमना माझ्या गाडीत बसू द्या. गाडी सुरू झाल्यावर ते बराच वेळ बाहेर क्रेनकडे बघत होते. मग म्हणाले, "अकरांपैकी दहा सुखी. मॅडम, मी पन्नास वर्षं बांधकामात आहे. दहा सुखी माणसं मी एका जागी कधी पाहिली नाहीत." त्यांनी माझ्याकडे बघून सरळ विचारलं, "कुणाला काही सांगायचं होतं आणि सांगता आलं नाही, असं कुणी आहे?"

फ्रेंचमध्ये विचारलं होतं, अगदी सोप्या शब्दांत. मला प्रत्येक शब्द कळला. पुढे बसलेल्या ड्रायव्हरला एकही कळला नाही. असा प्रश्न, असा माणूस, असा एकांत माणसाला आयुष्यात किती वेळा मिळतो? मी म्हटलं, "नाही साहेब. तसं कुणी नाही."

त्यांनी वही मिटली. उतरताना मला स्वतःचं कार्ड दिलं आणि म्हणाले, "आठवलं तर लिहा. मला थेट." म्हणजे त्यांनी ओळखलं होतं. मला आजही वाटतं, त्यांनी ओळखलं होतं.

कूलर दोन दिवसांत आला. मी पत्र लिहायला घेतलं. खरंच घेतलं, खोटं सांगत नाही. 'माननीय साहेब, त्या दिवशी मी आपल्याला...' इथून पुढे वाक्य सरकेना, कारण पुढे मला 'खोटं सांगितलं' असं लिहावं लागणार होतं. सुरुवात बदलून बघितली. दादांबद्दलच लिहावं, माझ्याबद्दल काही नको, असं ठरवलं. तर लगेच वाटलं, ते विचारतील मग तेव्हा का नाही बोललात. मसुदा कॉम्प्युटरमध्ये पडून राहिला. रोज सकाळी उघडायचे, एखादा शब्द इकडचा तिकडे करायचे आणि बंद करायचे. फ्रेंच मात्र सुरेख झालं होतं. एचआरला मी एक इंग्रजी ईमेल टाकला, कृपया विचार व्हावा म्हणून. उत्तर आलं, हँडओव्हरनंतर. मग मी दादांना म्हटलं, "मी प्रयत्न करतेय." ते म्हणाले, "इन्शाल्ला," जसं तिकडे सगळेच म्हणतात.

लग्न शुक्रवारी होतं. दादांनी मला बोलावलं, रीतसर, पत्रिका देऊन. "गावाकडं तर जाता येत न्हाई. हितंच या. मपल्याकडून तुम्हीच पाव्हने."

बिरकत अल अवामेरला आमच्या कंपनीचा कॅम्प होता. आम्ही तिघं गेलो, मी, नवरा आणि मुलगा. मी बेसनाचे लाडू नेले होते, दादांच्याच पोळपाटावर ताट ठेवून वळलेले. त्यांच्या खोलीत सहा पलंग, त्यांतले दोन बाहेर काढून जागा केलेली. भिंतीला आंब्याच्या पानांऐवजी हिरव्या कागदाचं तोरण, कुणीतरी कात्रीने नीट कापलेलं. मधल्या पलंगावर स्वच्छ चादर, चादरीवर स्टीलचं ताट, ताटात मोबाइल. फोनला हळदकुंकू लावलं होतं. दादा सदऱ्यावर फेटा बांधून पलंगाशेजारी उभे. तोच सदरा.

खोलीत पंधरा-वीस माणसं होती, बिहारी, नेपाळी, तेलुगू. बाहेर चपलांचा ढीग. मला बघून दादा मोठ्यांदा म्हणाले, "अरे, हटो हटो, ताई को आगे आने दो. यही है वो मैडम. साहेब की गाड़ी में उनके सामने मेरे वास्ते लड़ी थी." माणसं बाजूला झाली. एकाने मला हात जोडले. नवऱ्याने माझ्याकडे कौतुकाने बघितलं. त्याला घरी मी काही सांगितलं नव्हतं. मुलगा कानाशी लागला, "आई, यू फॉट विथ युवर बॉस?" मी त्याला गप्प केलं.

फोनवर गलका ऐकू येत होता. मग भटजींचा आवाज, मग मंगलाष्टकं, कुणा बाईच्या चिरक्या आवाजात. व्हिडिओ नव्हता, साधा कॉल होता, त्यामुळे सगळं कानांनीच बघायचं होतं. दादा डोळे मिटून उभे होते. मध्येच म्हणायचे, "आता मामा घेऊन येत असन तिला." त्यांनी वाटीतून प्रत्येकाच्या हातात अक्षता दिल्या. मला देताना चिमूटभर जास्त दिल्या. 'शुभमंगल सावधान' झालं, तिकडून टाळ्या आणि बँड एकदम फुटला आणि आम्ही सगळ्यांनी त्या फोनवर अक्षता टाकल्या. माझ्याही पडल्या. घामाने चार दाणे तळहाताला चिकटून राहिले, ते मी दुसऱ्या हाताने झाडले.

कन्यादान धाकट्या भावाने केलं, हे दादांनी आवाजावरून ओळखलं. ते तेव्हाच रडले. रडणार नाही असं त्यांनी मला पूर्वी सांगितलं होतं, पण ते साहेबांसमोर. आवाज न करता, फेट्याच्या शेमल्याने डोळे पुसत उभे राहिले. तो नेपाळी, माझा अकरावा, तोही तिथे होता. त्याने दादांच्या खांद्यावर हात ठेवला. आज तो हसत नव्हता.

थोड्या वेळाने मुलगी फोनवर आली. बापलेक काय बोलले ते मी ऐकलं नाही, मी मुद्दाम दाराकडे सरकले होते. पण दादांनी मला हाक मारली. "ताई, तुमच्याशी बोलायचं म्हन्ती."

मी फोन कानाला लावला. कानाला हळद लागली. तिकडून लहानसा, रडून बसलेला आवाज आला.

"आत्या, बाबांनी सांगितलं तुम्ही त्यांच्यासाठी लई झगडलात. साहेबांनी ऐकलं न्हाई, त्यात तुमचा काय दोष. माझा नमस्कार घ्या. आशीर्वाद द्या."

सगळी खोली माझ्याकडे बघत होती. सत्य सांगायला त्याहून वाईट वेळ नव्हती, आणि त्याच्या आधीच्या सगळ्या बऱ्या वेळा मी घालवल्या होत्या.

"सुखी राहा," मी म्हटलं, आणि फोन दादांच्या हातात परत दिला.